विश्लेषण : शीवच्या भिंतीतली चिमुकली मधमाशी नेमकी कोणती? फोटोवरून नाव का ठरत नाही?

जुन्या इमारतीच्या भिंतीतून बाहेर आलेली मेणचट नळी आणि तिच्या तोंडाशी बसलेल्या, तांदळाच्या दाण्याहूनही लहान काळ्या माश्या. असा फोटो समाजमाध्यमावर पडला की खाली तीन प्रकारची उत्तरे येतात. कुणी म्हणतो, 'चिलटं आहेत, पेस्ट कंट्रोल करा.' कुणी म्हणतो, 'मधमाश्या आहेत, डंख मारतील, लांब राहा.' तिसरा मोबाइल ॲपने सुचवलेले 'टेट्रागोन्युला इरिडिपेनिस' हे नाव चिकटवून मोकळा होतो. पहिले उत्तर साफ चूक, दुसरे अर्धे बरोबर. तिसरे सर्वांत अभ्यासू वाटते. पण अडचण त्यातही आहे.

ही मधमाशीच, पण डंख नसलेली

या डंखहीन मधमाश्या. त्यांची नांगी इतकी खुरटलेली असते की ती टोचतच नाही. फार त्रास दिला तर केसांत शिरतात, जबड्याने चिमटा काढतात, एवढेच. लांबी साधारण ३ ते ४ मिलिमीटर. आग्या, सातेरी आणि फुलोरी या ओळखीच्या मधमाश्या त्यांच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. राणी, कामकरी आणि नर असा संसार मात्र यांचाही असतो, आणि मध व परागही साठवला जातो. साठवण पोळ्याच्या षटकोनी घरांत नसते, मेण आणि झाडाचा चीक कालवून केलेल्या छोट्या गोल मडक्यांत असते.

पोकळ झाड, दगडी भिंतीतली फट, विजेच्या मीटरची पेटी, यांना काहीही चालते. त्यामुळे शीवसारख्या भागात त्यांना जागेची वानवा नाही. सतराव्या शतकातला शीवचा किल्ला, त्याच्या पायथ्याचे उद्यान, जुन्या चाळी आणि शीव-वांद्रे जोडरस्त्यावरचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान. मिठी नदीकाठच्या एकेकाळच्या कचराभूमीवर झाडे लावून हे सुमारे ३७ एकरांचे जंगल उभे केले गेले आणि १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. दाट वस्तीच्या मधोमध मोहोर, शेवग्याची फुले आणि तुळशीच्या मंजिऱ्या मिळाल्या की इतक्या लहान माशीचे भागते.

एकाच नावाची टोपी सगळ्यांना

'इरिडिपेनिस' म्हणजे इंद्रधनुषी पंखांची. फ्रेडरिक स्मिथ यांनी १८५४ मध्ये ब्रिटिश म्युझियममधील कीटकांच्या सूचीत हे नाव दिले, तेही श्रीलंकेतल्या नमुन्यावरून. गंमत अशी, की योग्य प्रकाशात जवळजवळ प्रत्येक डंखहीन माशीचे पंख इंद्रधनुषी दिसतात. पुढे भारतात सापडलेल्या बहुतेक लहान काळ्या माश्यांना हेच नाव लावले गेले. १९६१ मध्ये मौरे यांनी 'टेट्रागोन्युला' हा गट मांडला. जुन्या पुस्तकांत आणि अनेक वेबसाइटवर आजही 'ट्रायगोना इरिडिपेनिस' वाचायला मिळते, ती हीच माशी.

वेगळेपण ओळखले गेल्याचे एक जुने उदाहरण मुंबईशी जोडलेले आहे. १९०७ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात नर्स यांनी याहूनही बारीक अशा एका डंखहीन माशीचे वर्णन छापले. आज ती 'लिझोट्रायगोना कॅसिए' या नावाने ओळखली जाते. याच माशीच्या कामकरी थायलंडमध्ये माणसांच्या डोळ्यांतले अश्रू पिताना नोंदल्या गेल्या आहेत. डोळ्याभोवती घोंगावणारे प्रत्येक 'चिलट' चिलटच असते असे नाही!

साकागामी यांनी १९७८ मध्ये आशिया खंड व श्रीलंकेतल्या टेट्रागोन्युलांची सविस्तर छाननी केली. २०१९ मध्ये शनास आणि फसीह यांनी भारतातून एकदम सहा नव्या प्रजातींचे वर्णन केले. ज्या माश्या वर्षानुवर्षे एकाच नावाखाली मोजल्या जात होत्या, त्यांत वेगवेगळ्या प्रजाती मिसळलेल्या असू शकतात, हा त्याचा सरळ अर्थ.

फोटोत काय दिसत नाही?

तज्ज्ञ छातीच्या पाठीवरचे केसांचे पट्टे, मागच्या पायाच्या भागांची रुंदी, डोळा आणि जबडा यांतले अंतर पाहतात. मागच्या पंखावर पुढचा पंख अडकवणाऱ्या आकड्या मोजतात. हे सगळे सूक्ष्मदर्शकाखाली. एवढे करूनही दोन प्रजातींच्या कामकरी माश्या जवळजवळ सारख्या निघतात. मग नराच्या जननेंद्रियाची रचना पाहावी लागते. नर सापडतात थोडे, तेही ठरावीक काळात. डीएनएची मदत होते, पण जुळवायला बरोबर नाव असलेला नमुना आधी लागतो. संदर्भालाच चुकीचे नाव असेल तर यंत्र तीच चूक पुढे नेते.

ॲपचेही तसेच. ज्या नावाचे फोटो जास्त, ते नाव ते आधी सुचवते. आयनॅचरलिस्टवर दोन जणांनी होकार दिला तरी नोंद पक्क्या दर्जाची ठरू शकते, आणि दुसऱ्यानेही बऱ्याचदा ॲपचीच सूचना मान्य केलेली असते. अशा नोंदींवरून नकाशे बनतात. त्यात इरिडिपेनिस सगळीकडे दिसते आणि एखादी मोजक्या जागी उरलेली प्रजाती कागदावरून गायब होते. ती नाहीशी झाली तरी कळणार कसे?

व्यवहारातही याचा संबंध आहे. डंखहीन माश्यांचा मध महाग विकला जातो आणि त्यांच्या वसाहती पेट्यांतून विकत मिळतात. एका प्रदेशातली पेटी दुसरीकडे नेली तर स्थानिक माश्यांत परकी प्रजाती मिसळते. सगळ्यांचे नाव एकच असल्यावर कुणाला शंकाही येत नाही.

मग फोटो टाकणाऱ्याने काय लिहावे?

'टेट्रागोन्युला' एवढ्यावर थांबणे बरे. तेही नीट पाहून. चेहऱ्यावर पांढरी खूण असेल तर ती बहुधा वाळक्या काडीत घर करणारी वेगळीच माशी. अंगावर हिरवी-निळी धातूसारखी चमक असेल तर ती छोटी सुतार माशी असण्याची शक्यता जास्त. डंखहीन माशीची खात्रीची खूण म्हणजे चिकाची नळी आणि तिच्या तोंडाशी ओळीने बसलेल्या पहारेकरी. म्हणून एकट्या माशीच्या धूसर फोटोपेक्षा घरट्याचे तोंड, बाजूला मापासाठी पट्टी किंवा नाणे, तारीख, जागा आणि ती कोणत्या फुलावर जाते, एवढे टिपले तर अभ्यासकाला त्याचा जास्त उपयोग होतो. नळी मोडून आत डोकावायची गरज नाही. सोसायटीच्या बैठकीत पेस्ट कंट्रोलचा विषय निघालाच, तर हाच फोटो दाखवता येईल.