बाण हेही उत्तरच

पेडर रोडवरच्या फिल्म्स डिव्हिजनच्या रिळांचा विषय निघाला की बोलणे जतनापाशी येऊन थांबते. जतन हवेच. जुन्या रंगीत प्रतींतली निळसर छटा आधी उडते आणि सगळे चित्र तांबूस पडते. पण आदिवासींच्या चित्रीकरणाबाबत आणखी एक प्रश्न आहे: ही दृश्ये कोणी पाहावीत, हे कोणी ठरवायचे? माझ्या मते तो अधिकार ज्यांचे चित्रीकरण झाले त्यांचा आणि त्यांच्या वारसांचा आहे. फिल्म्स डिव्हिजनच्या प्रेम वैद्य यांचा अंदमानच्या जमातींवरचा ‘मॅन इन सर्च ऑफ मॅन’ हा माहितीपट घ्या. १९७४ च्या मोहिमेत उत्तर सेंटिनेल बेटाच्या किनाऱ्यावर नारळ, ॲल्युमिनियमची भांडी, एक बाहुली आणि जिवंत डुक्कर भेट म्हणून ठेवले गेले. बेटवासीयांनी बाण सोडले; एक दिग्दर्शकाच्याच मांडीत घुसला. डुक्कर आणि बाहुली त्यांनी भोसकून वाळूत पुरली, नारळ आणि भांडी मात्र नेली. काय हवे नि काय नको, हे त्या माणसांनी निवडून सांगितले आणि आपल्याला त्यांनी ‘नको’त धरले.

यावर आक्षेप असा की, तेव्हा कॅमेरा गेला नसता तर नोंदच उरली नसती. शिवाय आता संमती विचारायची कोणाला? पहिला मुद्दा खरा आहे, म्हणूनच रिळे नष्ट करा असे मी म्हणत नाही. पण जपणे वेगळे आणि चव्हाट्यावर मांडणे वेगळे. पर्यटकांसमोर अंदमानच्याच जारवा स्त्रियांना खाण्याच्या मोबदल्यात नाचवल्याची चित्रफीत २०१२ मध्ये उजेडात आली. बघ्यांची हौस कुठवर जाते ते तिने दाखवले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी हाताशी आहे. स्वीडनच्या अर्ने सुक्सडॉर्फने चेंदरू या मुरिया मुलाला घेऊन बस्तरमध्ये केलेला रंगीत चित्रपट १९५७ चा. चेंदरू २०१३ मध्ये वारला, पण त्याचे लोक आहेत; शेजारच्या गडचिरोलीत माडिया आहेत, डहाणू-तलासरीत वारली आहेत. त्यांना विचारता येते.

फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाली, तेव्हा जबाबदारी आता त्यांची. आदिवासींवरच्या रिळांची यादी त्यांनी जाहीर करावी, प्रती आधी त्या-त्या पाड्यांवर दाखवाव्यात, पडद्यावरच्या माणसांची नावे वारसांकडून नोंदवून घ्यावीत. सेंटिनेलची दृश्ये मात्र जपून ठेवावीत आणि जाहीर प्रदर्शनातून काढावीत.