मागचा डावा पाय

पावसाळा सरला, रायडिंग स्कूलांची मैदाने वाळली, की आमच्या टपालात फोटोंचा ओघ सुरू होतो. चषक उंचावलेली मुले, गळ्यात फिती घातलेले घोडे, आणि दत्तजयंती जवळ आली की सारंगखेड्याच्या यात्रेत कोणत्या घोड्याला किती बोली लागेल याचे अंदाज. यंदा या गर्दीत एका मोतद्दाराचा निरोप आला, तोही फोनवर बोलून पाठवलेला. त्याच्याकडच्या भीमथडी तट्टाने नालबंदापुढे मागचा डावा पाय पहिल्यांदाच न झटकता दिला. बस, एवढीच बातमी. शेवटी त्याने विचारले होते, ‘हे छापण्यासारखं आहे का साहेब?’

आहे. आणि असा प्रश्न त्याला पडावा, हा दोष त्याचा नाही, आपल्या क्षेत्राचा आहे.

मागचा पाय देणे म्हणजे काय, हे नालबंदाइतके कुणाला कळत नाही. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ ३५० अंशांतले दिसते, पण नेमके शेपटीमागचे दिसत नाही. तिथेच कडेला एक माणूस वाकतो आणि ज्या पायाने पळायचे तोच मागतो. तट्टू तो देते, काही काळ तीन पायांवर उभे राहते, आणि पाय परत मिळेल यावर विश्वास ठेवते. खूर महिन्याला साधारण आठ-दहा मिलिमीटर वाढतो, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद येणारच. पाय न देणाऱ्या तट्टाचा वरचा ओठ दोरीच्या फासात पिळून, चार माणसे लावून काम उरकतात, आणि पुढच्या खेपेला ते तट्टू नालबंदाची पेटी दिसताच घामाघूम होते. एकदा हा पाय शांतपणे मिळाला, की पुढची अनेक वर्षे या मारामारीतून सुटतात. कोणत्या चषकाने इतके काम होते?

मोठ्या मैदानावरचा हिशेबही खरे तर असाच मांडलेला असतो. 2023 मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ड्रेसाज संघाने सुवर्ण जिंकले. अश्वारोहणातले त्याआधीचे सुवर्ण 1982 च्या दिल्लीतले होते, त्यामुळे 41 वर्षांनी आलेल्या या पदकाचा गाजावाजा झाला आणि तो व्हायलाच हवा होता. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता, याचा आपल्याला थोडा जास्तच अभिमान. पण ड्रेसाजची गुणपत्रिका कधी हातात घेऊन पाहा. घोडा आत आला, थांबला, चारी पायांवर सारखा उभा राहिला, याला शून्य ते दहामधले वेगळे गुण. चालीतून दुडकीत गेला, वेगळे गुण. जगातली एवढी मानाची स्पर्धा नीट थांबण्याची दखल घेते, आणि आपण तबेल्यात तीच गोष्ट ‘त्यात काय विशेष’ म्हणून सोडून देतो.

तट्टाच्या बाबतीत ही उपेक्षा दुप्पट होते. भीमथडीचा उल्लेख राज्यगीतात आहे, तिच्या नावावर आपण छाती फुगवतो, पण स्वतंत्र जात म्हणून तिची राष्ट्रीय पातळीवर नोंद व्हायला अगदी अलीकडचा काळ उजाडावा लागला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या पट्ट्यात हे तट्टू टिकले ते धनगरांच्या वाड्यांमुळे. मेंढरांमागे मैलोन्मैल चालताना पाठीवर बिऱ्हाड, भांडी, कोंबड्या, कधी नुकते जन्मलेले कोकरू. रस्त्यावरून ट्रक भोंगा वाजवत जातो आणि ओझ्याखालचे तट्टू कान वळवून पुढे चालत राहते. ही स्थिरता शिकवलेली असते, बहुतेक वेळा घरातल्या बायकांनी आणि पोरांनी. तिला कुठल्या प्रदर्शनात गुण मिळतात?

आता जरा कामाचे. छोटी प्रगती साजरी करायची म्हणजे तट्टाच्या दृष्टीने नेमके काय करायचे? घोडा बहुतेक गोष्टी दाब सुटण्यातून शिकतो. लगाम किंचित ओढला, त्याने मान दिली, त्या क्षणी ओढ सुटली, तर मान देणे बरोबर होते एवढे त्याला कळते. सुटका दोन-तीन सेकंद उशिरा झाली, तर त्या वेळी तो जे करत असेल ते शिकतो, मग ते डोके झटकणे का असेना. म्हणून त्याचा सत्कार तिथल्या तिथे व्हावा लागतो. संध्याकाळची जास्तीची चंदी आपल्या समाधानासाठी ठीक आहे, पण सकाळच्या धड्याशी तिचा संबंध तो लावत नाही.

आणि इथेच आपल्यातले भलेभले प्रशिक्षक घसरतात. तट्टू पहिल्यांदा निळ्या ताडपत्रीवरून चालत गेले, की लगेच ‘आणखी एकदा’. दुसऱ्यांदा गेले, की मालकाला दाखवायला तिसऱ्यांदा. चौथ्या वेळी ते बिथरते, आणि दिवसाचा शेवट झटापटीत होतो. उत्तम केल्याचे फळ म्हणून तेच काम पुन्हा करावे लागत असेल, तर उत्तम का करावे? झेनोफन या ग्रीक सेनानीने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीवर लिहिले, त्यात एक साधी सूचना आहे: जिथे घोड्याकडून काम करून घेतले, तिथेच त्याला विसावाही द्यावा, उतरायचे तेही तिथेच. आपण बरोबर उलटे करतो. मैदानात घाम आणि तबेल्याच्या दारात मोकळीक. मग पोनी प्रत्येक फेरीला दाराकडे ओढतो आणि आपण त्याला आडमुठा म्हणतो.

शाबासकीचेही तसेच. मानेवर थाडथाड थापा मारणे ही आपली आवड, त्याची नव्हे. दोन घोडे एकमेकांना खाजवतात ते आयाळ संपते तिथे, खांद्यांच्या उंचवट्यापाशी. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवरच्या 1993 च्या एका अभ्यासात असे दिसले, की नेमक्या त्याच जागी बोटांनी खाजवले असता हृदयाचे ठोके मंदावतात. सईस मंडळींना हे मशीन न लावता ठाऊक आहे: खरारा करताना तो हात तिथे आला, की वरचा ओठ लांबतो. गुळाचा खडा मात्र आवरा. तट्टू थोडक्यात पुष्ट होणारे जनावर. गोडधोड आणि दाण्याच्या माऱ्याने त्याच्या खुरांना सूज येते आणि चांगले शिकलेले जनावर उभे राहीनासे होते. आनंद आपला असतो, पाय त्याचे जातात.

प्रत्येक शांतता मात्र साजरी करण्यासारखी नसते. मान खाली, डोळे अर्धवट मिटलेले, पोरे चढोत-उतरोत, टाच लागो न लागो, काही फरक नाही. अशा पोनीला पालक ‘किती गुणी’ म्हणतात. तो गुणी असेल, किंवा पाठ दुखत असल्यामुळे, सांगून कुणी ऐकत नाही हे उमगल्यामुळे त्याने बोलणे सोडले असेल. डोळ्यावरच्या सुरकुत्या, आवळलेल्या नाकपुड्या, खोगीर येताना मागे जाणारे कान हे वाचता यायला हवेत. अशा पोनीने एके दिवशी पट्टा आवळताना मान वळवून नापसंती दाखवली, तर ती बंडखोरी समजू नका, तो पुन्हा बोलू लागला आहे. त्याच्याबाबतीत तीच प्रगती.

माथेरान-महाबळेश्वरच्या अश्वपालांना हे सगळे चोचले वाटतील, याची कल्पना आहे. हंगामात फेऱ्या पोट भरतात, मान खाजवणे नाही. माथेरानमध्ये तर मोटारींना बंदी असल्याने दस्तुरीपासून पुढे घोड्यावर चढणाऱ्यांची रांगच असते. त्यांना एकच सुचवतो: शिंप्याची टेप घ्या. पट्ट्याच्या जागेमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा, 11,880 ने भागा. येईल ते अंदाजे वजन, किलोमध्ये. मे महिना संपताना ते उतरले नसेल, खोगिराखालचा जुना व्रण भरून त्यावर पांढरे केस आले असतील, तर त्या मालकाने तोरा मिरवायला आमची हरकत नाही. पर्यटकाला ते दिसणार नाही, पण अंधेरी-पुण्याहून येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी काही जण आता पाठ बघून घोडा निवडतात.

रायडिंग स्कूलच्या शिक्षकांचा प्रश्न वेगळा, तो पालकांचा. फी भरणाऱ्याला तिसऱ्या महिन्यात भरधाव हवी असते. मुलीने आज एकटीने मोहरकी घातली आणि पोनी तिच्यासोबत दोरी सैल ठेवून चालला, हे त्यांना सांगितले तर ते घड्याळ बघतात. तरीही सांगा, आणि पोनीच्या नावासकट सांगा. जमले तर पालकांना दोरी हातात देऊन दहा पावले चालायला लावा. ओढल्यावर तट्टू जागचे हलत नाही हे कळले, की पुढचा प्रश्न ते जपून विचारतात.

या अंकापासून शेवटून दुसरे पान अशा नोंदींसाठी राखले आहे. पोनीचे वय, काय अडत होते, काय बदलले, आणि त्यानंतर तुम्ही काय केले, इतके पुरे. फोटो नसला तरी चालेल. लिहिता येत नसेल तर बोलून पाठवा, आम्ही उतरवून घेऊ. चषकांचे फोटो नेहमीप्रमाणे मधल्या रंगीत पानांवर येतील. पहिली नोंद अर्थातच त्या मागच्या डाव्या पायाची आहे. मोतद्दाराला आम्ही उलट फोन केला तेव्हा त्याने एक दुरुस्तीही सांगितली: उजवा पाय अजून देत नाही.