पूर आला की आमच्याकडे येणाऱ्यांस

मुंबईच्या बातमीदार मंडळींनो,

'सप्रेम' लिहवत नाही. नुसता नमस्कार घ्या.

उल्हास नदी इशारा पातळीला टेकली की तुमच्या गाड्या बदलापुरात हजर. छत्री सावरत पुलावर उभं राहायचं, २६ जुलै २००५च्या पुराची आठवण काढायची आणि पाणी ओसरायच्या आत परतायचं. एरवी आम्ही कोण? स्वस्त फ्लॅटवाले. मी पूर्वेला कात्रपला राहतो. आमचं वाईट झाल्याशिवाय तुम्हाला आमचं नाव सुचत नाही, याचा राग आता गिळवत नाही.

२०११च्या जनगणनेतच या शहराची लोकसंख्या १,७४,२२६ होती. त्यानंतर किती टॉवर उठले ते लोकलच्या खिडकीतूनही दिसतं. एवढ्या वस्तीला २०२० पासून पाच वर्षांहून जास्त काळ नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाच्या हाती. निवडणूक लागल्यावर कोण कुठल्या पक्षात गेला ते तुम्ही चवीनं सांगितलंत. मधल्या काळात तुंबलेलं गटार आम्ही कोणाला दाखवायचं, हे विचारायला कोणी फिरकलं नाही.

बारवी धरण आमच्या उशाला. ते भरलं की ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबईची चिंता मिटल्याची बातमी तुम्ही देता. बरोबरच आहे, पाणी तिकडेही जातं. पण त्या बातमीत बदलापूर फक्त पत्त्यापुरतं असतं.

आणि सकाळची लोकल! बदलापूरहून सुटणारी गाडी फलाटावर लागते तेव्हा निम्म्या खिडक्या आधीच भरलेल्या. अंबरनाथची मंडळी डाऊन करून, म्हणजे त्याच गाडीनं उलट इकडे बसून येतात. त्यांचा तरी काय दोष, तिकडे चढायलाच मिळत नाही. बदलापूरकर चौथ्या सीटवर अर्धा टेकतो, तेही नशीब असेल तर. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेची आम्ही वाट पाहतोय. त्या कामाचं काय झालं, हे विचारायला तरी एकदा या. पावसाळ्याआधी आलात तर द्रोणातली जांभळंही मिळतील. आमच्या जांभळाला भौगोलिक मानांकन आहे, ठाऊक होतं?

२७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुरात अडकली, तेव्हा बोटी आणि हेलिकॉप्टर तुम्ही दिवसभर दाखवलेत. मदतीला धावलेल्या चामटोलीच्या गावकऱ्यांच्या घरी नंतर तुमच्यापैकी कोण गेलं होतं? एवढं कळवा.

कात्रपचा एक रहिवासी