बॉनेट उघडा की!

दसऱ्याला आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, हळदकुंकू लावतो, चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढे घेतो. पुढच्या दसऱ्यापर्यंत बॉनेटच्या आत काय आहे याची चौकशीही करत नाही. मीही त्यातलीच. कोल्हापुरात कनिष्ठ महाविद्यालयात एकोणतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. लेड-ॲसिड बॅटरीची समीकरणं फळ्यावर किती वेळा लिहिली त्याची गणती नाही. पण स्वतःच्या गाडीतली बॅटरी डावीकडे आहे की उजवीकडे, असं कुणी विचारलं असतं तर गप्प बसले असते.

बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत एका सकाळी गाडी नुसती टक्-टक् करून थांबली. फोन केल्यावर बॅटरीवाला आला, बॉनेट उघडून लांबूनच बघितलं आणि म्हणाला, "गेली. नवी टाकायला लागंल. साडेचार हजार." मीटर लावला नाही, काही नाही. मी त्या दिवशी पहिल्यांदाच नीट वाकून बघितलं. टर्मिनलवर पांढरट-निळसर खार फुलला होता. पांढरं ते लेड सल्फेट, निळं ते तांब्याच्या तारेला आम्ल लागून झालेलं कॉपर सल्फेट. प्रयोगशाळेत हे मी पोरांना बाटलीतून दाखवत होते! रिक्षानं कॉलेज गाठलं. दुपारी घरी येऊन गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवला, जुना टूथब्रश घेतला, फसफसेपर्यंत घासलं, पुसून कोरडं केलं आणि व्हॅसलिन लावलं. एका चावीत गाडी सुरू. ती बॅटरी पुढे दीड वर्ष चालली.

त्या घासाघाशीआधी अर्धा तास वाचन केलं होतं, म्हणून एक गोष्ट टळली. आधी निगेटिव्हची तार सोडायची आणि जोडताना ती शेवटी जोडायची. निगेटिव्ह गाडीच्या बॉडीला जोडलेलं असतं. ते तसंच ठेवून पॉझिटिव्हचा नट फिरवायला गेलात आणि पान्याचं दुसरं टोक पत्र्याला टेकलं, तर जागच्या जागी शॉर्टसर्किट. बायकांसाठी आणखी एक: बांगड्या आणि अंगठी काढून ठेवायची, गळ्यातलं पदरात नीट खोचायचं. सोनं विजेचं उत्तम वाहक आहे, आणि तापलेली अंगठी बोटातून पटकन निघत नाही.

"स्वतः गाडी दुरुस्त करा, पैसे वाचवा" असं सांगणारे व्हिडिओ आता ढिगानं आहेत. मला त्यांचं म्हणणं अर्धंच पटतं. मी वही ठेवते, जुनी सवय. पुढे सांगणार आहे ते बावीस हजारांचं काम सोडलं, तर तीन वर्षांत मजुरी आणि टाळलेली कामं मिळून साधारण अठरा हजार वाचले. त्यातून हत्यारांचे 5,200 वजा करा आणि एका पराक्रमाचे 1,100 वजा करा. तो पराक्रम पुढे सांगते. वर्षाला चार हजारही उरत नाहीत. घरची माणसं चार वेळा तांबडा-पांढरा जेवून आली की संपले. एवढ्यासाठी रविवारी हात काळे करा, असं मी कुणाला सांगणार नाही. खरा फायदा बिल वाचता येऊ लागण्यात आहे.

2021 सालचं एक सर्व्हिसचं बिल मी मुद्दाम जपून ठेवलंय. एकूण 11,840 रुपये. ऑइल आणि ऑइल फिल्टर, ठीक. त्याखाली एअर फिल्टर, केबिन फिल्टर, ते बसवायची मजुरी, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्टंट, इंजिन ड्रेसिंग, उंदीर प्रतिबंधक फवारणी. तेव्हा मी कार्ड पुढे केलं आणि सही केली. आज तेच बिल बघताना राग येतो, तो स्वतःचाच. एअर फिल्टर म्हणजे चार क्लिपांचा डबा. क्लिपा उघडायच्या, जुना काढायचा, नवा ठेवायचा. केबिन फिल्टर डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो. कप्पा रिकामा करून बाजू आत दाबल्या की तो खाली झुकतो. फिल्टर ओढायचा आणि हवेच्या दिशेचा बाण बघून नवा सरकवायचा. दोन्ही मिळून दहा मिनिटं, त्यातली सहा कप्प्यातली जुनी टोलची पावती, गोळ्या आणि चष्म्याचं घर बाहेर काढण्यात. इंजिन ड्रेसिंग म्हणजे रबर-प्लास्टिकवर मारलेली चकाकी. इंजिनाला तिचा काडीचा उपयोग नाही. बऱ्याच सुट्या भागांवर तेव्हा 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 18 झाला. पण न लागणाऱ्या वस्तूवर अठरा टक्के भरणं हाही जाचच.

उंदरांचं मात्र खरं आहे, ते वायरी खातात. तंबाखूची निपाणी काही लांब नाही. मी तंबाखूची पानं जाळीदार पिशवीत बांधून इंजिनाजवळ, गरम भागापासून लांब, अडकवली. एक उंदीर त्या पिशवीशेजारीच घरटं करून राहिला. तेवढा प्रयोग फसला.

आता पराक्रम. ऑइल बदलायला शिकले. गाडी जॅकवर उचलून दोन लोखंडी घोड्यांवर टेकवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, कधीच नाही, पाच रुपयांचा वायसर शोधायलाही नाही. चेंबरचा बोल्ट काढला, काळं ऑइल घमेल्यात उतरलं, नवा वायसर घालून बोल्ट बसवला. आणि मग मनात आलं, थोडा अजून आवळू. बाईचा हात, ताकद कमी पडली असेल. पान्याला पाइप लावला आणि जोर दिला. एकदम हलकं लागलं. आटे गेले होते.

आमचे गॅरेजवाले मिस्त्रीमामा स्कूटरवरून आले, खाली वाकले आणि एकच प्रश्न विचारला: "मॅडम, पान्याला पाइप लावलासा न्हवं?" मी मान डोलावली. त्यांनी भोकाला एक साइज मोठे आटे पाडले, कीस धुऊन काढला आणि उद्यमनगरातून लेथवर तेवढाच बोल्ट करून आणला. शिवाजी उद्यमनगरानं शेतीची ऑइल इंजिनं केली, ओतकामात नाव काढलं. माझा बोल्ट त्यांना वीस मिनिटांचं काम. तेव्हापासून मी टॉर्क रेंच वापरते. ठरवलेला जोर आला की तो खट् करतो आणि मी थांबते. "घट्ट म्हणजे चांगलं" हा आपल्याकडचा समज लोणच्याच्या बरणीपुरता ठेवावा.

काढलेलं ऑइल गटारात ओतायचं नाही, हे सांगायला लागू नये. पण आमच्या गल्लीतलं गटार जयंती नाल्याला मिळतं, नाला पंचगंगेला, आणि नदीच्या प्रदूषणावर सर्वांत मोठ्यानं बोलणाऱ्या एका गृहस्थांना मी डबा उपडा करताना बघितलंय. माझं जुनं ऑइल कॅनमधून मामांकडे जातं. त्यांच्याकडून ते पुनर्प्रक्रियेवाले उचलतात.

मामा भेटण्याआधी दुसऱ्या एका गॅरेजात मला ऐकायला मिळालं होतं, "वैनी, ह्यात तुमास्नी काय कळायचं न्हाई, सायबास्नी धाडा." आमचे साहेब बँकेतून निवृत्त झाले, टायरमध्ये हवा आहे की नाही हे ते लाथ मारून ठरवतात. त्यांना धाडलं असतं तर अठरा हजार नक्की गेले असते.

माझी गाडी 2014 सालची, तीन सिलिंडरची. दोन वर्षांपूर्वी डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडी हुंदके देऊ लागली. सर्व्हिसवाल्यांनी सांगितलं, "ईसीएम बदलावं लागेल, बावीस हजार." ईसीएम म्हणजे इंजिनाचा मेंदू. तेव्हा मी आठशे रुपयांचं एक काडेपेटीएवढं यंत्र मागवलं. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात ते बसवायचं; मोबाइलवर कोड दिसतो. आला पी-0302: दुसऱ्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. का पेटत नाही, हे कोड सांगत नाही. प्लग असेल, कॉइल असेल, इंजेक्टर असेल.

इथे मास्तरकी कामाला आली. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल होती. दुसरी काढून तिसऱ्यावर लावली, तिसरी दुसऱ्यावर. बाकी कशाला हात लावला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे आम्ही अकरावीला शिकवतो. कोड पुसला आणि राजारामपुरीतून एक छोटी फेरी मारली. छोटीच, कारण न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये गेलं की त्याचं वाटोळं होतं. दिवा पुन्हा लागला: पी-0303. दोष कॉइलबरोबर तिसऱ्या घरी मुक्कामाला गेला होता. नवी कॉइल 1,700 रुपये, एक बोल्ट, एक कनेक्टर. ईसीएम अजून जुनंच आहे.

माझी गाडी ज्या वर्षी घरी आली त्याच वर्षी, 25 ऑगस्ट 2014 रोजी, भारतीय स्पर्धा आयोगानं 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटींचा दंड ठोठावला होता. आरोप काय, तर सुटे भाग आणि दोष शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही, असंही आयोगानं बजावलं. पुढे अपिलं झाली, प्रकरण कोर्टकचेरीत रेंगाळलं. 24 डिसेंबर 2022 रोजी केंद्र सरकारनं "राइट टू रिपेअर" पोर्टल काढलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं यांच्या जोडीला मोटारीही त्यात आहेत. हेतू चांगला. पण माझ्या गाडीबरोबर आलेलं जाड पुस्तक उघडा. ऑइलचा दर्जा, टायरची हवा, फ्यूजचा नकाशा एवढं झालं, की पुढे पानापानावर एकच वाक्य: अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा. कोणता बोल्ट किती आवळायचा, हे कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतं, आणि ते माझ्या हातात कुणी देत नाही. गाडीचे पैसे भरले मी, नावावर माझ्या, विमा माझा, दंडाची पावतीही माझ्याच पत्त्यावर. मग तिचा कोड वाचायची परवानगी मी कुणाकडे मागायची?

याचा अर्थ सगळं स्वतः करा, असा नाही. ब्रेक मी उघडत नाही. द्रव किती आहे ते बघते आणि मामांना बोलावते. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावत नाही. सीएनजीवाल्यांनी किटला पाना लावू नये आणि दर तीन वर्षांची टाकीची चाचणी चुकवू नये. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये. आत पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर तापलेलं असतं, झाकण सैल झालं की ते तोंडावर उसळतं. कूलंट सांडलं तर लगेच धुऊन टाकावं, त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जहाल विषारी असतं. गल्लीतल्या कुत्र्याला त्यातलं काय कळणार? आणि मामांशी मी मजुरीची घासाघीस करत नाही. फिल्टरचे पैसे वाचवते, कारण फिल्टरला कसब लागत नाही. चेंबरला मोठे आटे पाडायला लागतं, त्याचे ते सांगतील तेवढे.

गेल्या पावसाळ्यात मामांचा फोन आला. "मॅडम, ते तुमचं यंत्र घेऊन येतासा काय जरा?" गगनबावड्याचे एक गिऱ्हाईक होते, चारच वर्षांची गाडी, एबीएसचा दिवा पेटलेला. मी गेले, यंत्र जोडलं, मोबाइल धरून आम्ही तिघंही बघत उभे. इंजिनाचे कोड: एकही नाही. एबीएसचे कोड माझ्या आठशेच्या यंत्राला वाचता येत नाहीत, त्याला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. मामांकडे ते नाही. पस्तीस वर्षांचा हात असलेला माणूस एका पिवळ्या दिव्यापुढे गप्प उभा होता. गिऱ्हाईक शोरूमला गेले.

दुसऱ्या दिवशी ते येताना बिल दाखवायला मुद्दाम थांबले. मामांनी मला फोन करून वाचून दाखवलं. एकही पार्ट बदललेला नव्हता. पुढच्या चाकाजवळच्या सेन्सरवर चिखल बसला होता, तो पुसला होता. स्कॅनिंगचे पैसे वेगळे आणि पुसायचे वेगळे.