टाळ्यांनी जात मोडत नाही

मंडईत पहाटे भाजीची पोती उतरवणाऱ्या एका पोराच्या अंगावर फ्रान्सची निळी जर्सी होती. विचारलं, "तुराम माहीत आहे का?" तो म्हणाला, "मार्कस ना? भारी खेळतो." मी त्याच्या बापाबद्दल, लिलियन तुरामबद्दल विचारत होतो.

लिलियन हा बचावपटू. जन्म १९७२, कॅरिबियन समुद्रातलं ग्वादलूप बेट. फ्रान्सने तिथली गुलामगिरी १८४८ साली रद्द केली. त्याच वर्षी या मंडईपासून हाकेच्या अंतरावर, भिडे वाड्यात जोतीराव-सावित्रीमाईंनी मुलींची शाळा काढली. लिलियन नऊ वर्षांचा असताना पॅरिसजवळ आला. शाळेत पोरं त्याला कार्टूनमधल्या काळ्या गायीच्या नावाने चिडवायची.

पुढे तो फ्रान्सकडून १४२ सामने खेळला. गोल फक्त दोन, आणि दोन्ही १९९८च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात. फ्रान्स जगज्जेता झाला. काळे, गोरे, अरब सगळे एक झाले, असा गजर झाला. चारच वर्षांनी, २००२मध्ये, स्थलांतरितांविरुद्ध विष ओकणारा ल पेन राष्ट्राध्यक्षपदाच्या अंतिम फेरीत पोचला. टाळ्या विरल्या, वंशवाद तिथेच होता.

पुण्याला हे नवं नाही. याच शहरात पळवणकर बाळूंच्या फिरकीवर हिंदू संघ सामने जिंकायचा, आणि चहाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊनही त्यांना हिंदू संघाचं कर्णधारपद कधी मिळालं नाही. १९३७च्या निवडणुकीत मात्र काँग्रेसला त्यांची लोकप्रियता आठवली, ती बाबासाहेबांच्या विरोधात उभं करायला! बाबासाहेब जिंकले. बाळूंना शिव्या घालणं सोपं आहे. प्रश्न असा की आपल्या माणसाने घामाने कमावलेली लोकप्रियता कोण वापरतं?

लिलियनने ती स्वतः वापरली. २००६मध्ये, खेळत असतानाच, त्याने पॅट्रिक व्हिएराच्या साथीने घरातून हुसकावलेल्या स्थलांतरितांना सामन्याची तिकिटं दिली. २००८मध्ये निवृत्त होताच वंशवादविरोधी शिक्षणासाठी संस्था काढली. वंशवाद शिकवला जातो, म्हणून तो विसरायलाही शिकवता येतो, हे तो शाळाशाळांतून सांगतो. २०१९मध्ये इटलीत काळ्या खेळाडूंसमोर माकडांचे आवाज काढले गेले. तेव्हा त्याने गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाच्या भावनेवर बोट ठेवलं, तर लोकांनी त्यालाच वंशवादी ठरवलं. ओळखीचं वाटतं ना? आपल्याकडेही जातीबद्दल बोलणाराच जातीयवादी ठरतो! तरीही पुढच्या वर्षी त्याने थेट गोऱ्या मानसिकतेवर पुस्तक लिहिलं. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन'मध्ये सवर्णांसमोर आरसा धरला, तीच ही दिशा.

कुणी म्हणेल, लिलियनकडे पैसा होता, त्याला परवडलं. खरं आहे. बाळूंची सुरुवात जिमखान्याच्या तुटपुंज्या पगारावर झाली. म्हणूनच एकट्या खेळाडूकडून धैर्याची अपेक्षा करून भागत नाही, त्याच्या पाठीशी चळवळ उभी असावी लागते.

आपल्या वस्त्यांत जयंतीला स्पर्धा होतात. चषक नगरसेवकाचा, फ्लेक्सवर फोटो त्याचाच, आणि गुणी पोरगा दुसऱ्या दिवशी पुन्हा पोत्याखाली. यंदा वर्गणी आपली काढू. चषकाऐवजी त्या पोराचे बूट, प्रवास, फी यांची सोय करू. आणि बक्षीस देताना त्याला बाळूंची आणि लिलियनची गोष्ट सांगू. उद्या तो मोठा झाला, तर आपल्यासाठी बोलेल की आपल्याविरुद्ध उभा केला जाईल, हे आज त्याच्यामागे कोण उभं राहतं यावर ठरणार आहे.

जय भीम!