आपली पत कोणाच्या वहींत?

"कर्ज मिळालें नाहीं" हें वाक्य आमच्या गांवांत इतक्या वेळां ऐकूं येतें कीं, त्याचें आतां कोणास नवल वाटत नाहीं. नवल वाटावें तें दुसऱ्याच गोष्टीचें. कर्ज कां मिळालें नाहीं, असें विचारलें तर बहुतेकांस तें सांगतां येत नाहीं. कोणी म्हणतो, वशिला नव्हता. कोणी म्हणतो, साहेबाची मर्जी नव्हती. कोणी नुसता कपाळाला हात लावतो. अलीकडे मात्र एक नवाच शब्द सर्वांच्या तोंडीं बसला आहे. "सिबिल आडवें आलें, गुरुजी!" जणूं कांहीं वाटेंत आडवें जाणारें मांजरच तें!

गेल्या वर्षीं पावसाळा तोंडावर आला असतां माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. आंब्याच्या पेट्या आणि चिरा वाहण्यासाठीं एक लहान टेंपो घ्यावा, असा त्याचा बेत होता. मुलगा कष्टाळू, सोसायटीचें पीककर्ज त्यानें कधीं थकविलें नव्हतें. तरीही बँकेनें त्याचा अर्ज परत केला. कारण काय? "सिबिल बसत नाहीं." एवढे तीन शब्द, आणि तेही तोंडी. कागदाचा एक चिटोरा त्याच्या हातीं पडला नाहीं. हताश होऊन त्यानें एका खाजगी सावकाराकडून दोन लाख रुपये उचलले. व्याज दरमहा शेंकडा 3. माझ्या वर्गांतलें पोरही हा हिशेब करील: महिन्याला 6,000, वर्षाला 72,000, आणि मुद्दल जिथल्या तिथें!

मीं त्याला जवळ बसवून त्याचा पत-अहवाल मागविला. त्यांत दोन नोंदी निघाल्या. मुंबईच्या चुलतभावाच्या कर्जाला तो कांहीं वर्षांपूर्वीं जामीन राहिला होता. भावाची नोकरी सुटली, हप्ते थांबले, आणि लाजेपोटीं भावानें तें गांवीं कळविलें नाहीं. थकबाकी मात्र जामीनदाराच्या नांवापुढेंही चढली. दुसरी नोंद हप्त्यांवर घेतलेल्या मोबाइलची. शेवटचे 800 रुपये येणें राहिले होते. दुकानांत "मिटलें" म्हणून सांगितलें होतें. कागदावर तें मिटलें नव्हतें. या दोन ओळी त्यानें अर्जापूर्वीं वाचल्या असत्या, तर भावाशीं बोलतां आलें असतें, 800 रुपये भरतां आले असते, आणि सावकाराची पायरी चढावी लागली नसती.

हें सिबिल म्हणजे काय भूत आहे, तें आधीं समजून घेऊं. 2000 सालीं मुंबईंत कर्जदारांची माहिती गोळा करणारी एक कंपनी निघाली. तिच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांचा उच्चार तो सिबिल. 2005 सालीं अशा कंपन्यांसाठीं कायदा झाला. आज ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स व क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या परवान्यानें हें काम करतात. त्या कर्ज देत नाहींत आणि नाकारीतही नाहींत. कोणी किती घेतलें, हप्ता वेळेवर भरला कीं चुकविला, कोणास जामीन राहिला, किती ठिकाणीं अर्ज केले, ही नोंद बँका त्यांच्याकडे धाडतात. 2025 च्या जानेवारीपासून ती निदान पंधरवड्याला धाडण्याचा दंडक झाला. या नोंदींवरून 300 ते 900 यांमधील एक आंकडा काढला जातो. तो 750 च्या वर असला म्हणजे अधिकारी खुर्ची देतो. पुष्कळ खालीं असला म्हणजे घड्याळाकडे पाहतो.

बँकेची बाजूही खरेपणानें मांडली पाहिजे. बँक धर्मशाळा नव्हे. तिच्या तिजोरींत असतात ते ठेवीदारांचे पैसे, म्हणजे तुमच्या माझ्यासारख्यांनीं पोटाला चिमटा घेऊन ठेवलेले. ते कोणाच्या हातीं द्यावे, हें तिनें पाहावें यांत गैर कांहींच नाहीं. शिवाय हा आंकडा जात पाहत नाहीं, आडनांव पाहत नाहीं, अंगावरचे कपडे पाहत नाहीं. पूर्वीं पत ठरे ती सावकाराच्या ओसरीवर, माणूस कोणाचा आहे हें पाहून. त्या मानानें नोंद पाहून पत ठरविणें हें केव्हांही बरें. आमची तक्रार वही ठेवण्याविरुद्ध नाहीं. ज्याच्याविषयीं ती लिहिली जाते त्यालाच ती ठाऊक नाहीं, ही आमची तक्रार आहे.

आणि हें दुखणें आजचें नाहीं. 1875 च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले, तेव्हां त्यांनीं काय शोधलें? कर्जरोखे. ते ओढून काढून त्यांनीं जाळले. ज्या कागदांवर आपला अंगठा उठला, त्यांत काय लिहिलें आहे तें त्यांना वाचतां येत नव्हतें, म्हणून त्या कागदांवरच त्यांचा राग निघाला. सरकारनें 1879 सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठीं कायदा केला. जोतीराव फुल्यांनीं 1883 सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून, अज्ञानामुळें शेतकरी कसा नागविला जातो, तें चव्हाट्यावर मांडलें. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांत तर खोताचा हिशेब हाच कायदा होता. ती खोती 1949 च्या कायद्यानें मोडली. आज रोखा जाळतां येत नाहीं. नवी वही यंत्रांत आहे, तिला आग लागत नाहीं. तिच्यावर एकच इलाज आहे, तो म्हणजे ती वाचणें.

अर्ज कां नाकारले जातात? थकलेला हप्ता हें पहिलें कारण. साधारण कर्ज 90 दिवसांहून अधिक थकलें कीं तें बुडीताच्या वाटेवरचें म्हणून लिहिलें जातें; पीककर्जाला हंगामाचें माप लावतात. जामिनकी हें दुसरें. जामीन राहणें म्हणजे नुसती ओळख देणें, असा आमच्याकडे समज आहे. तो साफ चुकीचा आहे. 1872 च्या करार कायद्याप्रमाणें, वेगळें ठरलें नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्ज घेणाऱ्याइतकीच असते. तिसरें कारण तडजोड. थकलेल्या रकमेंतला कांहीं भाग भरून बँकेनें खातें मिटविलें, तरी वहींत तें "पूर्ण फेडलें" असें न लागतां "तडजोडीनें मिटलें" असें लागतें, आणि पुढचा अधिकारी त्यावर बोट ठेवतो. चौथें कारण घाई. एका बँकेनें नाहीं म्हटलें कीं आठवड्यांत पांच दारें ठोठवायचीं. प्रत्येक ठोक्याची नोंद होते, आणि माणूस गरजेनें बेजार झाला आहे असा तिचा अर्थ लावतात.

कोंकणांत आणखी एक कारण आहे, त्याचा सिबिलशीं संबंध नाहीं. पण दोष मात्र सिबिलच्याच माथीं मारला जातो. तें कारण म्हणजे आपला सातबारा. पणजोबाचें नांव अजून उताऱ्यावर, खालीं वीस-पंचवीस सहहिस्सेदार, त्यांतले निम्मे मुंबईला, कोणी हयात नाहींत, कोणाचा पत्ताच नाहीं. अशी जमीन कसणारा एकटा, आणि सह्या हव्या सर्वांच्या! 750 चा आंकडा असला तरी बँक येथें थबकते. वारसनोंदी वेळेवर करणें आणि जमीन महसूल संहितेच्या कलम 85 प्रमाणें सहहिस्सेदारांच्या संमतीनें वाटपाचा अर्ज तहसीलदाराकडे देणें, हा त्यावरचा रस्ता आहे. गणपतीला सगळे चाकरमानी गांवीं येतात. आरत्या झाल्यावर एक संध्याकाळ या कामासाठीं काढली, तर देवही रागावणार नाहीं.

आतां आपले हक्क. प्रत्येक पत-कंपनीनें मागणाऱ्यास वर्षांतून एकदां पूर्ण अहवाल फुकट दिला पाहिजे. नोंद चुकीची असेल तर तक्रार करावी. 30 दिवसांत निकाल न लागल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा नियम 2024 च्या एप्रिलपासून लागू झाला. कर्ज नाकारलें तर मुख्य कारण लेखी कळवावें, असें रिझर्व्ह बँकेनें बँकांस पूर्वींच सांगितलें आहे. 2007 सालीं तें लहानमोठ्या सर्व कर्जांस लागू केलें. ज्यानें कधींच कर्ज घेतलें नाहीं त्याचा आंकडाच नसतो. तेवढ्याच कारणानें त्याचा पहिला अर्ज फेटाळूं नये, हेंही रिझर्व्ह बँकेचें सांगणें आहे. शेतीच्या दोन लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागूं नये, असा नियम 2025 च्या 1 जानेवारीपासून आहे. पीककर्जासाठीं सिबिलची अट घालूं नका, असें मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीं 2025 च्या मे महिन्यांत राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकींत बँकांस बजावलें. एवढें सगळें असून आमचा शेतकरी तीन शब्द ऐकून मुकाट्यानें पायऱ्या उतरतो! नियम वर होतात आणि शाखेच्या खिडकीपाशीं विरून जातात, कारण खिडकीच्या अलीकडे उभा असलेला माणूस ते मागत नाहीं.

दोष एकट्या बँकांचा नाहीं. आमचाही आहे, आणि शिक्षक म्हणून माझाही आहे. आम्ही मुलांना सरळव्याज शिकवितों, चक्रवाढ शिकवितों, परीक्षेंत गुणही देतों. पण कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वीं काय वाचावें, तें शिकवीत नाहीं. अध्यापक विद्यालयांत आम्हांलाही तें कोणी शिकविलें नाहीं. तो माझा विद्यार्थी गणितांत हुशार होता. त्याला आंकडे कळत होते, स्वतःचा आंकडा कळत नव्हता. मुलगा शिकला म्हणून आम्ही पाठ थोपटून घेतों. पण ज्या शिक्षणानें स्वतःच्या नांवावर काय लिहिलें आहे तें वाचतां येत नाहीं, तें शिक्षण अंगठ्याच्या फार पुढें गेलें असें मी मानीत नाहीं.

म्हणून माझ्या बांधवांस आणि विशेषतः बचतगटांतील भगिनींस माझें सांगणें आहे. कर्जाची गरज पडण्यापूर्वींच वर्षांतून एकदां आपला अहवाल मागवा आणि ओळ न् ओळ वाचा. येत नसेल तर शाळेंत या, वाचून देण्यास मी बसलों आहे. कोणास जामीन राहाल तर त्याच्या हप्त्यांची चौकशी दर महिन्याला करा. त्यांत संकोच कसला? कर्ज फिटलें कीं बेबाकीचा दाखला हातांत घेतल्याशिवाय घरीं जाऊं नका. मोबाइलवर पांच मिनिटांत पैसे देणाऱ्याच्या नादीं लागूं नका, आणि "सिबिल सुधारून देतों" म्हणून पैसे मागणाऱ्यास दारांतूनच वाटेला लावा. खरी नोंद पैसे देऊन पुसत नाहीं, आणि खोटी नोंद दुरुस्त करण्यास पैसे पडत नाहींत. अर्ज फेटाळला तर नम्रपणें पण ठाम म्हणा, "साहेब, कारण कागदावर, मराठींत लिहून द्या." दाद न मिळाली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करतां येते, 2022 पासून पत-कंपन्याही त्याच्या कक्षेंत आल्या आहेत.

बँकांनींही एक करावें. ज्या फळ्यावर ठेवींचे दर लावतां, त्याच फळ्यावर "नाकारलेल्या अर्जाचें कारण लेखी मिळेल" ही एक ओळ मोठ्या अक्षरांत लिहावी. त्याला खडूशिवाय दुसरा खर्च नाहीं.

माझ्या विद्यार्थ्यानें पुढें काय केलें? 800 रुपये भरून दाखला घेतला, भावाला गांवीं बोलावून हप्त्यांची वाट लावून दिली, आणि सावकाराचें देणें तो अजून फेडीत आहे. परवां तो धाकट्या भावाला घेऊन शाळेंत आला. भावाला होडीच्या इंजिनासाठीं कर्ज हवें होतें. अर्ज अजून केला नव्हता. "गुरुजी," तो म्हणाला, "आधीं वही वाचूं, मग अर्ज लिहूं."

— हेदवीचा एक शाळामास्तर