गाणे मकेबांचे, व्यासपीठ मोबुतूचे

सप्टेंबर १९७४ मध्ये झैरेची राजधानी किन्शासा येथे तीन रात्री गाण्याचा मोठा जलसा झाला. निमित्त होते जागतिक हेवीवेट अजिंक्यपदासाठी महंमद अली आणि जॉर्ज फोरमन यांच्यात व्हावयाच्या मुष्टियुद्धाचे. जेम्स ब्राऊन, बी. बी. किंग, सेलिया क्रूझ हे नामवंत समुद्रापलीकडून आले होते. आणि त्याच व्यासपीठावर दक्षिण आफ्रिकेच्या मिरिअम मकेबाही गायल्या. या घटनेला अर्धशतक उलटून गेले, परंतु तिने उभा केलेला प्रश्न जुना झालेला नाही. जुलमी सत्ताधीशाच्या उत्सवात पीडितांचा आवाज घुमला, तर तो आवाज कोणाचा मानावयाचा?

प्रथम खर्चाचा हिशेब पाहू. दोघा मुष्टियोद्ध्यांना प्रत्येकी ५० लाख डॉलर मिळावयाचे होते, आणि त्याची हमी मोबुतूच्या राजवटीने घेतली होती. त्याच वर्षी, ज्या तांब्यावर देशाचा सारा डोलारा उभा होता त्याचे भाव कोसळू लागले होते. हा मोबुतू म्हणजे सप्टेंबर १९६० मध्ये अमेरिकन गुप्तहेरखात्याच्या पाठबळाने सत्ता बळकावणारा लष्करप्रमुख. काँगोचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांना त्याच्याच सैनिकांनी पकडले आणि जानेवारी १९६१ मध्ये कटांगात त्यांची हत्या झाली. पुढे १९६६ मध्ये याच गृहस्थाने लुमुंबांना ‘राष्ट्रवीर’ म्हणून घोषित केले! खून पचवून वर श्राद्धाचे पुण्यही पदरात पाडून घेण्याची ही रीत हुकूमशहांना चांगली साधते.

त्याच्या धोरणाचे नाव होते ‘ओतांतिसिते’. मराठीत त्याला अस्सलपणा म्हणता येईल. मात्र अनुवाद करताना लेखणी अडखळते. ख्रिस्ती नावे टाकावयाची, कोट-टाय वर्ज्य करावयाचे, देशाचे नाव बदलून झैरे ठेवावयाचे, एवढे सगळे अस्सल. राज्याची तिजोरी मात्र एका माणसाची खासगी. मुष्टियुद्ध आणि जलसा हे या अस्सलपणाचे जगापुढील प्रदर्शन होते. कृष्णवर्णीयांच्या आत्मसन्मानाची खरी भूक त्याने हेरली आणि तिच्यावर आपल्या नावाची मोहोर उठवली. अस्सलपणाच्या या सोहळ्यात लढत मात्र पहाटे चारला ठेवली गेली. कारण अमेरिकेतील प्रेक्षकांच्या सोयीची वेळ तीच होती.

म्हणून ती गाणीही विकाऊ ठरतात काय? आम्हाला तसे वाटत नाही. १९६० मध्ये मकेबांना आईच्या अंत्यविधीसाठी मायदेशी जाऊ दिले गेले नाही. प्रिटोरियाच्या राजवटीने त्यांचे पारपत्र रद्द केले होते. १९६३ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या समितीपुढे वर्णद्वेषाविरुद्ध साक्ष दिली, तेव्हा त्यांच्या ध्वनिमुद्रिकांवर बंदी आली. १९६८ मध्ये कृष्णवर्णीयांच्या चळवळीचे नेते स्टोकली कार्मायकेल यांच्याशी विवाह करताच अमेरिकेतील कार्यक्रम रद्द होऊ लागले आणि त्या गिनीत राहावयास गेल्या. त्यांना आसरा देणारे राज्यकर्ते सगळे लोकशाहीचे पुजारी होते असेही नाही. पण हद्दपार माणसाला यजमान निवडण्याची मुभा किती असते, याचा विचार टीकाकारांनी अवश्य करावा. मोबुतूच्या पाहुणचाराने त्या राजवटीला प्रतिष्ठा लाभली, हे खरेच आहे. पण तो दोष गाण्यावर लादता येणार नाही.

आणखी एक गोष्ट घडली. सरावात फोरमनच्या डोळ्यापाशी जखम झाली, सामना ३० ऑक्टोबरपर्यंत लांबला. जलसा मात्र ठरल्या वेळीच पार पडला. ज्यांच्यासाठी हॉटेले सजली होती ते परदेशी पर्यटक फिरकले नाहीत. ऐकावयास आले ते मुख्यतः किन्शासाचे लोक, आणि गाणाऱ्यांत त्यांचे फ्रँको व ताबू ले हेही होते. मोबुतूला हवी होती जगाची नजर. व्हिएतनाम युद्धात जाण्यास नकार देऊन अजिंक्यपद गमावलेल्या अलीच्या नावाने घोषणा देणारे लोक त्याच्या योजनेत दुय्यम होते.

जलशाचे चित्रण कज्जेदलालीत वर्षानुवर्षे अडकून पडले. अलीच्या लढतीवरचा त्यातला चित्रपट १९९६ मध्ये, तर गाण्यांचा २००८ मध्ये पडद्यावर आला. मोबुतू १९९७ मध्ये पळून गेला, आणि देशाने काँगो हे नाव पुन्हा घेतले. मकेबा १९९० मध्ये मायदेशी परतल्या होत्या. नोव्हेंबर २००८ मध्ये इटलीतील कास्तेल व्होल्तुर्नो येथे, जिथे काही आठवड्यांपूर्वी सहा आफ्रिकी स्थलांतरितांना माफियांनी गोळ्या घातल्या होत्या, त्या माफियांच्या विरोधातील कार्यक्रमात त्या गायल्या आणि त्यानंतर लगेचच कोसळल्या. त्या वेळी त्या ७६ वर्षांच्या होत्या.